नंदुरबारहून मुंबई: कमी खर्चात कुटुंबाची सहल कशी आखायची?

मुलांनी समुद्र बघायचा हट्ट धरला की नंदुरबार जिल्ह्यातल्या घरात पहिला हिशेब सुरू होतो तो तिकिटांचा. पाच माणसं, जायचं-यायचं भाडं, तिथे राहणं, खाणं, फिरणं. आकडा वाढत जातो आणि 'पुढच्या वर्षी बघू' असं ठरतं. पुढच्या वर्षीही तेच होतं.

मुंबईत पैसा लागतो, हे खरंच आहे. पण सहलीचा खर्च वाढतो तो बहुतेक वेळा मुंबईमुळे नाही, तर उशिरा काढलेल्या तिकिटामुळे, चुकीच्या दिवशी गेल्यामुळे आणि घाईत घेतलेल्या खोलीमुळे. या तीनही गोष्टी घरी बसून आधी ठरवता येतात. त्या कशा ठरवायच्या, कोणती सवलत कुणाला मिळते आणि पाच माणसांचा हिशेब कसा मांडायचा, ते पाहूया.

आधी एक प्रश्न: मुंबई की सुरत?

नंदुरबारला सगळ्यात जवळचं मोठं शहर मुंबई नाही, सुरत आहे. रेल्वेने सुरत साधारण १६० किलोमीटर, तर मुंबई सुरतमार्गेच साधारण ४२० किलोमीटर. जिल्ह्यातले लोक कामासाठी, दवाखान्यासाठी आणि लग्नाच्या कापडखरेदीसाठी सुरतलाच जातात.

बजेट अगदीच कमी असेल किंवा घरातलं लहान मूल पहिल्यांदाच लांबचा प्रवास करणार असेल, तर आधी सुरतची एक दिवसाची सहल करून पाहा. रिंग रोडचा कापड बाजार, तापीकाठचा जुना किल्ला, सायन्स सेंटर, सरथाण्याचं प्राणिसंग्रहालय आणि डुमसचा समुद्रकिनारा हे सगळं तिथे आहे. सकाळी निघून रात्री परतता येतं, म्हणजे राहण्याचा खर्च शून्य. फक्त एक काळजी घ्या. तापी मार्गावरच्या काही गाड्या सुरतपर्यंत न जाता उधन्यालाच थांबतात. परतीची गाडी कोणत्या स्टेशनवरून आहे, ते निघण्याआधीच पाहून ठेवा.

मुंबईच बघायची असेल, तर पुढे वाचा.

कधी जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा. ऊन सोसवतं आणि पावसाची भीती नसते. जून ते सप्टेंबर टाळा. जोराचा पाऊस झाला की लोकल अडकतात, एलिफंटाच्या बोटी बंद पडतात आणि दोन दिवसांची सहल खोलीत बसून संपते.

या चार महिन्यांतही काही दिवस टाळलेले बरे:

- दिवाळीच्या सुट्ट्या: गाड्या भरलेल्या आणि खोल्यांचे दर चढलेले असतात.
- ६ डिसेंबरच्या आसपास: महापरिनिर्वाण दिनासाठी राज्यभरातून लाखो लोक दादरच्या चैत्यभूमीवर येतात. तुम्ही अभिवादनासाठीच जात असाल तर गोष्ट वेगळी. फिरायला जायचं असेल तर दुसरी तारीख धरा.
- नाताळ ते नवीन वर्ष: मुंबईत राहणं सगळ्यात महाग याच आठवड्यात असतं.
- सारंगखेड्याची यात्रा: दत्त जयंतीला शहादा तालुक्यात घोडेबाजार भरतो. तेव्हा आपल्याकडच्याच गाड्यांना गर्दी असते.

होळीच्या आधीचे आठवडेही सोडा. गुजरातेत कामाला गेलेली मंडळी तेव्हा गावी परतत असतात. शिवाय काठीची राजवाडी होळी सोडून मुंबईला कोण जाईल?

आठवड्यातले कोणते दोन दिवस?

हा मुद्दा बरेच जण विसरतात आणि बंद दारासमोर उभे राहतात. यादी लहान आहे:

- सोमवार: एलिफंटा लेणी, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि वरळीचं नेहरू तारांगण बंद असतं.
- मंगळवार: सिद्धिविनायक मंदिर उघडं असतं, पण रांग फार मोठी असते. अंगारकीला तर विचारूच नका.
- बुधवार: भायखळ्याची राणीची बाग बंद असते. त्याच आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद असतं.
- शनिवार-रविवार: सगळीकडे गर्दी आणि खोल्यांचे दर जास्त.

उरले गुरुवार आणि शुक्रवार. बुधवारी रात्री निघायचं, गुरुवार-शुक्रवार मुंबई बघायची, शुक्रवारी रात्री परतीची गाडी पकडायची आणि शनिवारी घरी. मुलांच्या दोन दिवसांच्या शाळेचा प्रश्न येतो, म्हणून स्थानिक सुट्टी किंवा परीक्षेनंतरचे दिवस धरा. गाडीचा वार जुळत नसेल तर एक दिवस इकडे-तिकडे करा, पण वरची यादी समोर ठेवूनच.

जायचं कसं: रेल्वे की एसटी?

नंदुरबार स्टेशन पश्चिम रेल्वेच्या सुरत-भुसावळ मार्गावर आहे. मुंबईला जाणारी गाडी इथून आधी सुरतकडे जाते आणि मग दक्षिणेला वळते. याच मार्गावर नवापूर स्टेशन आहे, ज्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये येतो. मुलं जागी असतील तर त्यांना नक्की दाखवा. हे बघायला वेगळं तिकीट लागत नाही.

रेल्वेने दोन पर्याय आहेत. पहिला, थेट गाडी. मुंबई आणि भुसावळ यांना नंदुरबारमार्गे जोडणारी खान्देश एक्सप्रेस आहे, पण ती रोज नसते. वार, वेळ आणि मुंबईतलं शेवटचं स्टेशन तिकीट काढताना तपासा. दुसरा पर्याय म्हणजे नंदुरबारहून सुरत आणि तिथे गाडी बदलून मुंबई. सुरत-मुंबई मार्गावर दिवसभर भरपूर गाड्या आहेत. सुरतहून पहाटे निघणारी फ्लाइंग राणी हीसुद्धा त्यांतलीच. मात्र दोन गाड्यांमध्ये निदान दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. पहिली गाडी उशिरा आली आणि वेगळ्या तिकिटावरची दुसरी चुकली, तर ते पैसे गेले.

एसटी नंदुरबारहून धुळे-नाशिकमार्गे जाते. रस्ता लांबचा आहे आणि रात्रभर बसून प्रवास करावा लागतो. पण एसटीच्या सवलती मोठ्या आहेत:

- महिलांना सर्व गाड्यांमध्ये अर्धं तिकीट (मार्च २०२३ पासून).
- ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट.
- ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास (ऑगस्ट २०२२ पासून).
- ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, त्याखाली मोफत.

या सवलती एकावर एक मिळत नाहीत. नऊ वर्षांच्या मुलीला 'मूल' म्हणून अर्धं आणि 'महिला' म्हणून आणखी अर्धं असं होत नाही. तसंच महिला आणि ज्येष्ठांची सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. एसटीने सुरतला जात असाल तर ती नवापूरच्या सीमेपर्यंतच धरा. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ हवं. आरक्षण केलं तर त्याचं शुल्क वेगळं लागतं.

रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांची तिकीट-सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. मुलांचा नियम असा आहे: ५ वर्षांखाली मोफत, पण बर्थ मिळत नाही. ५ ते १२ वर्षांच्या आत वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट.

मग स्वस्त काय? हिशेब करून पाहू

समजा एसटीचं साधं पूर्ण तिकीट ७०० रुपये आणि रेल्वेचं स्लीपरचं तिकीट ३०० रुपये धरलं. हे आकडे हिशेबासाठी आहेत. निघताना चालू दर टाका. २०२५ च्या जानेवारीत एसटीची भाडेवाढ झाली आहे, त्यामुळे जुन्या तिकिटावरून अंदाज बांधू नका.

कुटुंब पहिलं: वडील, आई, १४ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांची आजी.

एसटीत वडील १, मुलगा १, आई अर्धं, मुलगी अर्धं, आजी अर्धं. एकूण साडेतीन तिकिटं, म्हणजे २,४५० रुपये. रेल्वेत सगळ्यांना बर्थ घेतला तर पाच तिकिटं, म्हणजे १,५०० रुपये. इथे सवलत नसूनही रेल्वे स्वस्त पडते आणि आजीला आडवं होऊन झोपता येतं.

कुटुंब दुसरं: आई, १४ आणि ९ वर्षांच्या दोन मुली, ७० वर्षांची आजी आणि ७८ वर्षांचे आजोबा.

एसटीत चौघींची चार अर्धी तिकिटं म्हणजे दोन पूर्ण, आणि आजोबा मोफत. एकूण १,४०० रुपये. रेल्वेत पाच बर्थचे १,५०० रुपये. इथे एसटी किंचित स्वस्त आहे. रेल्वेचं तिकीट मिळत नसेल, तर या कुटुंबाने तत्काळच्या मागे धावण्याची गरज नाही.

थोडक्यात, घरात पुरुष आणि मोठी मुलं जास्त असतील तर रेल्वे, आणि महिला व ज्येष्ठ जास्त असतील तर एसटीचाही हिशेब करून बघा. 'एसटी अर्ध्यात आहे म्हणजे स्वस्तच असेल' किंवा 'रेल्वेच स्वस्त असते' असं आधीच धरू नका.

तिकीट कधी आणि कसं काढायचं?

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे. त्याआधी १२० दिवस होते. तारीख ठरली की पहिल्या आठवड्यातच जायचं आणि यायचं अशी दोन्ही तिकिटं काढा. जायचं तिकीट पक्कं आणि परतीचं वेटिंगवर, ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. कारण मग मुंबईतून पाच माणसांना मिळेल त्या खाजगी बसने, मागेल त्या दरात यावं लागतं.

वेटिंगचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही पक्कं झालं नाही, तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. खिडकीवरून काढलेल्या वेटिंग तिकिटावरही स्लीपर किंवा एसी डब्यात बसता येत नाही. आरएसी असेल तर बसता येतं, मात्र एका बर्थवर दोघांना जागा वाटून घ्यावी लागते.

तत्काळ तिकीट गाडीच्या एक दिवस आधी सुटतं. एसीसाठी सकाळी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता. ऑनलाइन तत्काळसाठी जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं. ते काम आदल्या रात्री नाही, महिनाभर आधी करून ठेवा. तत्काळचं शुल्क माणशी लागतं, त्यामुळे पाच जणांना ते चांगलंच जाणवतं.

घर ते स्टेशन हाही प्रवासच आहे

धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याकडच्या कुटुंबांसाठी सहल नंदुरबारला नाही, घराच्या दारात सुरू होते. घाटातला रस्ता, मोजक्या बसगाड्या आणि संध्याकाळनंतर मिळणारी फक्त खाजगी जीप. म्हणून परतीची गाडी निवडताना ती मुंबईहून कधी सुटते एवढंच पाहू नका, नंदुरबारला किती वाजता पोहोचते ते पाहा. पहाटे किंवा सकाळी पोहोचणारी गाडी उत्तम, कारण पुढची एसटी मिळते. रात्री दहाला उतरलात, तर पाच जणांसाठी जीप ठरवण्यातच रेल्वेत वाचवलेले पैसे जातील. दुसरा पर्याय नसेल तर ती रात्र नंदुरबारला नातेवाइकांकडे किंवा स्टेशनच्या प्रतीक्षालयात काढायची तयारी ठेवा.

राहायचं कुठे?

मुंबईत सगळ्यात जास्त पैसे खोलीवर जातात. म्हणून पहिला नियम: दोन दिवसांसाठी दोन रात्री नाही, एकच रात्र खोली घ्या. जाताना आणि येताना रात्रीचा प्रवास केला की हे जमतं. पहिल्या दिवशी सकाळी मोठ्या स्टेशनच्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन तयार व्हा. सामान क्लोक रूममध्ये ठेवता येतं. त्यासाठी बॅगेला कुलूप आणि जवळ प्रवासाचं तिकीट हवं.

खोलीचे पर्याय असे:

- रेल्वेचं विश्रांतीगृह, म्हणजे रिटायरिंग रूम: मोठ्या स्टेशनांवर असतं. पक्क्या किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून घेता येतं. खोल्या मोजक्या असतात, म्हणून तिकीट काढल्यावर लगेच बघा.
- धर्मशाळा आणि समाजाची वसतिगृहं: दर कमी असतात. पण कुटुंबाला घेतात का, ओळखपत्र कोणतं लागतं आणि रात्री दार किती वाजता बंद होतं, हे फोन करून विचारा.
- लॉज: दादर, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड भागात भरपूर आहेत. आधी खोली बघा, मग पैसे द्या. पाच जणांना एका खोलीत घेतील का आणि जादा गादीचे किती, ते आधीच ठरवा.
- उपनगरात राहणं: विरार, वसई, बोरिवलीला दर कमी असतात. पण रोज पाच जणांना लोकलने दक्षिण मुंबई गाठावी लागेल. आजी बरोबर असेल तर हजार रुपये वाचवून दीड तास उभं राहणं परवडणारं नाही.

नातेवाईक कल्याण-विरारकडे राहत असतील आणि त्यांनी मनापासून बोलावलं असेल तर प्रश्नच मिटला. मात्र मुंबईतलं घर लहान असतं. किती जण येणार आणि किती दिवस, हे आधी मोकळेपणाने सांगा.

एक सावधगिरी. धर्मशाळा आणि भक्तनिवासांच्या नावाने बनावट वेबसाइट आणि बनावट फोन नंबर फिरतात. 'खोली शिल्लक एकच आहे, आत्ता अॅडव्हान्स पाठवा' असं कुणी म्हणालं की थांबा. नंबर दुसऱ्या दोन ठिकाणांहून पडताळा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

मुंबईत फिरायचं कसं?

लोकल: सगळ्यात स्वस्त हीच. द्वितीय श्रेणीचं तिकीट ५ रुपयांपासून आहे. दिवसभर फिरायचं असेल तर पर्यटक तिकीट मागा, ते १, ३ आणि ५ दिवसांचं मिळतं. सकाळी ८ ते ११ या वेळेत चर्चगेट-सीएसएमटीकडे जाणारी आणि संध्याकाळी ५ ते ९ या वेळेत उलट दिशेची लोकल लहान मुलं घेऊन पकडू नका. द्वितीय श्रेणीच्या तिकिटावर चुकून प्रथम श्रेणीत किंवा एसी लोकलमध्ये चढलात तर दंड होतो. विनातिकीट प्रवासाचा दंड किमान २५० रुपये आणि वर भाडं.

घरच्यांना निघण्याआधीच एक गोष्ट सांगून ठेवा. गर्दीत कुणी मागे राहिलं, तर गाडीत चढलेल्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं आणि मागे राहिलेल्याने जागा सोडायची नाही. एकाने तरी त्याला घ्यायला परत यायचं. हे आधी ठरलेलं असलं की धावपळ होत नाही.

बेस्ट आणि टॅक्सी: मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरसाठी. म्हणजे चार मोठी माणसं जवळच्या जवळ जात असतील तर बसला ४० रुपये लागतात आणि टॅक्सीला ३१. लांब जायचं असेल तर मात्र बसच स्वस्त. टॅक्सी मीटरनेच करा. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत. वांद्रे आणि शीवच्या पलीकडे त्या मिळतात, तिथे किमान भाडं २६ रुपये आहे.

मेट्रो: आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. भाडं १० ते ७० रुपये. सिद्धिविनायक, दादर, सीएसएमटी, हुतात्मा चौक अशी स्टेशनं याच मार्गावर आहेत. मुलांसाठी जमिनीखालून जाणारी गाडी हीच एक सहल आहे.

दोन दिवसांत काय बघायचं?

एका दिवशी शहराचा एकच भाग घ्या. सकाळी बोरिवली, दुपारी गेट वे आणि संध्याकाळी जुहू असं केलं की दिवस लोकलमध्येच जातो.

पहिला दिवस, दक्षिण मुंबई: सीएसएमटीची इमारत बाहेरून (२००४ पासून जागतिक वारसा), हुतात्मा चौक, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, गेट वे ऑफ इंडिया आणि सूर्यास्ताला मरीन ड्राइव्ह. यात तिकीट फक्त संग्रहालयाला लागतं. समुद्र बघायला पैसे पडत नाहीत, आणि मुलं आली आहेत ती त्यासाठीच.

एलिफंटाला जायचं असेल तर गेट वेहून बोटीने एका बाजूला साधारण तासभर लागतो. प्रवेश ४० रुपये, १५ वर्षांखाली मोफत, बोटीचं भाडं वेगळं. वर जायला सुमारे १२० पायऱ्या आहेत. अर्धा दिवस जातो, म्हणून संग्रहालय किंवा एलिफंटा यांपैकी एकच धरा.

दुसरा दिवस: सकाळी लवकर सिद्धिविनायक, तिथून भायखळ्याची राणीची बाग. बागेत मोठ्यांना ५० आणि ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५ रुपये आहेत. पण आई-वडील आणि १५ वर्षांपर्यंतची दोन मुलं यांचं कौटुंबिक तिकीट १०० रुपयांत मिळतं. वरच्या पहिल्या कुटुंबातल्या चौघांची वेगवेगळी तिकिटं १७५ रुपयांची झाली असती. म्हणून खिडकीवर 'फॅमिली तिकीट' असंच मागा. पेंग्विन इथेच आहेत.

दुपारनंतर ग्रँट रोडजवळच्या ऑगस्ट क्रांती मैदानात जा. नंदुरबारच्या मुलांनी ही जागा बघायलाच हवी. ८ ऑगस्ट १९४२ ला इथूनच 'छोडो भारत'ची हाक दिली गेली. महिनाभराने, ९ सप्टेंबरला, आपल्या नंदुरबारच्या रस्त्यावर शाळकरी वयाचा शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार गोळीबारात हुतात्मा झाले. ज्या चौकातून मुलं रोज जातात, त्याचा धागा या मैदानाशी जोडलेला आहे. जवळच गांधीजींचा मुक्काम असलेलं मणिभवन आहे. तिथून गिरगाव चौपाटी आणि मग गाडी.

खायचं काय?

पहिल्या दिवसाचं खाणं घरून न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाल मिरचीचा ठेचा, चिवडा. दशम्या दोन दिवस टिकतात आणि मुलांची भूक वेळी-अवेळी लागते. पाण्याच्या बाटल्या घरूनच न्या आणि स्टेशनवर भरा. विकत घ्यावीच लागली तर रेल नीरची एक लिटरची बाटली १४ रुपयांना आहे. जास्त मागितले तर १३९ वर तक्रार करता येते.

मुंबईत दिवसातून एक जेवण पोटभर, बाकी वडापाव, मिसळ, इडली यांवर भागतं. जेवणासाठी गेट वे किंवा चौपाटीच्या समोरची हॉटेलं सोडून दोन गल्ल्या आत जा. जिथे दुपारी ऑफिसचे लोक जेवतात, तिथे थाळी ताजी असते आणि दर फळ्यावर लिहिलेले असतात.

एकूण किती लागतील?

वरच्या पहिल्या कुटुंबाचा हा नमुना हिशेब. आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे टाकून पाहा:

- रेल्वे, जाऊन-येऊन: ३,०००
- घर ते नंदुरबार, जाऊन-येऊन: ६००
- एक रात्र खोली: २,०००
- खाणं, दोन दिवस: २,५००
- लोकल, बस, टॅक्सी: ८००
- प्रवेश तिकिटं: ५००
- अडीअडचणीला राखीव: १,०००

एकूण १०,४०० रुपये. ही रक्कम एकदम बाहेर काढायची म्हटलं की जड वाटते. आठ महिन्यांत वाटली तर महिन्याला १,३०० रुपये होतात. पोस्टात किंवा बँकेत आवर्त ठेव उघडा, किंवा कापूस-मिरचीचे पैसे आले की त्यातून बाजूला काढा. सहलीसाठी बचत गटाचं कर्ज उचलू नका आणि दागिना गहाण ठेवू नका. सहल दोन दिवसांत संपते, हप्ते वर्षभर चालतात. रक्कम जमली नाही तर तारीख पुढे ढकला किंवा यंदा सुरत करा.

राखीव हजार रुपये खरेदीसाठी नाहीत. ते वेगळ्या खिशात ठेवा. मुलाला ताप आला, गाडी चुकली, चप्पल तुटली, तर ते तेव्हा लागतात.

निघण्याआधी एकदा तपासा

- सगळ्यांची ओळखपत्रं, मुलांचंही आधार. एक प्रत फोनमध्ये, एक कागदावर.
- जायचं-यायचं तिकीट दोन्ही पक्की आहेत का? परतीच्या स्टेशनचं नाव नीट वाचलं का? दादर, वांद्रे टर्मिनस आणि मुंबई सेंट्रल ही तीन वेगळी ठिकाणं आहेत.
- लहान मुलांच्या खिशात आई-वडिलांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.
- पैसे एकाच पाकिटात नकोत. थोडे रोख आईकडे, थोडे वडिलांकडे, थोडे बॅगेत. नेट बंद पडलं तर यूपीआय चालत नाही.
- आजी-आजोबांची औषधं दोन दिवसांपेक्षा जास्तीची.
- हे नंबर सेव्ह करा: रेल्वे १३९, पोलीस व आपत्कालीन ११२, हरवलेल्या मुलासाठी १०९८.

आणि समुद्रावर गेल्यावर भरतीची वेळ विचारा. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा, खालच्या दगडांवर उतरू नका. तिथे शेवाळ असतं, आणि लाट अंदाज देऊन येत नाही.